आठ हजारी दगडाची घाई

बोईसरच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये उमेदीची सगळी वर्षं काढलेल्या माणसाला धारेबद्दल कोणी चार शब्द सांगायला गेलं, तर तो ऐकून घेत नाही. मीही घेतले नाहीत. सरफेस ग्राइंडरवर डाय मायक्रॉनच्या हिशेबात उतरवायचा, टूल घासून त्याचे कोन बसवायचे, रीमरच्या धारेवरून ऑइल स्टोनचा हलका हात फिरवायचा, हे माझं रोजचं काम. त्यामुळे नोकरीची शेवटची काही वर्षं उरली असताना, चोर बाजारातून एक जुना झोलिंगेनचा वस्तरा घेऊन मी सफाळ्याला घरी आलो, तेव्हा मनात शंका म्हणून नव्हती. चार हात मारले की दाढीला तयार, असा हिशेब होता.

पुढे त्या वस्तऱ्यावर आणि त्याच्या पायी घेतलेल्या दगडांवर मी ज्या चुका केल्या, त्यातली जवळजवळ प्रत्येक चूक टाळायला माझ्या नोकरीनेच मला शिकवलं होतं. लाज वाटते ती त्याची. अनाडी माणसाने केल्या असत्या तर त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

पहिली चूक दगडापर्यंत पोचण्याआधीच झाली. मटण स्ट्रीटवर एका फडक्यावर दहा-बारा वस्तरे मांडले होते. त्यातले बरेचसे गंजलेले, काळे पडलेले. मी सगळ्यात चकचकीत होता तो उचलला. ती चकाकी बफच्या चाकाची होती. जुनं पातं विकायच्या आधी बफवर धरून उजळतात, आणि पोकळ घासलेलं पातं धारेकडे इतकं पातळ असतं की ते डोळ्यादेखत तापतं. कार्बन स्टीलचं पाणी दोनशे अंशांच्या आसपास उतरायला लागतं. निळी झाक आली म्हणजे ते तीनशेच्या घरात जाऊन आलेलं. माझ्या पात्याच्या टोकाला तशी झाक होती. टूलरूममध्ये एखाद्या टूलवर ती दिसली असती तर मी पोराला बोलावून चार शब्द सुनावले असते. इथे मला ती जुनेपणाची शोभा वाटली. काळ्या पडलेल्या, पण धारेला खड्डे नसलेल्या पात्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही.

आता वस्तऱ्याची गंमत अशी, की त्याला कोन बसवावा लागत नाही. तो त्याच्या अंगातच असतो. पातं दगडावर आडवं टाकलं की जाड पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकतात. सोळा मिलिमीटर रुंद पात्याची पाठ साडेचार मिलिमीटर जाड असली, तर दोन्ही बाजू धरून सुमारे १६ अंशांचा कोन आपोआप मिळतो. घासताना धारेबरोबर पाठही झिजते, म्हणून वर्षानुवर्षं दगडावर चालूनही तो कोन फारसा हलत नाही. फिक्स्चर वेगळं बनवायचं कामच नाही. इतकं देखणं डिझाइन मी टूलरूममध्येही क्वचित पाहिलं.

हे मला कागदावर कळत होतं. हाताला मात्र पटाशीची सवय. पटाशीला धार लावताना आपण शेवटी मूठ किंचित उचलतो, टोकाला बारीकसा दुसरा कोन देतो. मी वस्तऱ्याची पाठ तशीच उचलली. केस कापायला हवी तशी निमुळती धार मिळायच्या ऐवजी टोकाला बोथट खांदा तयार झाला, आणि तो काढून टाकायला पुढे किती पोलाद घालवावं लागलं, ते सांगवत नाही.

दगडही कुठला? नागदेवी स्ट्रीटवरून कधीकाळी आणलेला काळा कार्बोरंडमचा, एक बाजू जाड आणि एक बारीक. बारीक म्हणजे २४० नंबर. त्यातला एकेक दाणा पन्नासेक मायक्रॉनचा. दाढीचा केस शंभर मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे केस कापणारी धार मी अर्ध्या केसाएवढ्या दाण्यांनी खरवडत होतो. त्यावर तेल म्हणून खोबरेल घातलं, कारण हाताशी तेच होतं. खोबरेल दगडात मुरतं, चिकट होतं, पोलादाचा कीस धरून बसतं, आणि डिसेंबरच्या पहाटे चक्क थिजतं. काही दिवसांनी दगड कापेना, नुसता घसरू लागला. मी जोर वाढवला.

जोर ही दुसरी मोठी चूक, आणि ती सगळ्यात उशिरा सुटली. पोकळ घासलेल्या पात्याची धार अंगठ्याच्या नखावर हलकेच दाबून सरकवली तर ती लवताना दिसते. असलं पातं दगडावर दाबलं की धार वर उचलली जाते आणि तिच्या मागचा भाग घासला जातो. वर पाठीवर भलतीकडेच सपाट पट्टा पडतो. माझ्या वस्तऱ्याच्या पाठीवर तो एका बाजूला दुसरीपेक्षा दुप्पट रुंद आहे, आणि कुणी जाणकाराने तो पाहिला तर माझी सगळी कुंडली त्याला वाचता येईल. दगडावर वस्तरा धरताना पात्याचं स्वतःचं वजन आणि बोट ठेवल्याइतका भार, एवढंच पुरतं. सरफेस ग्राइंडरवर शेवटचा पास मी कधी जोरात दिला नव्हता. स्पार्क विझेपर्यंत टेबल नुसतं फिरवत बसायचो. ते इथे आठवलं नाही.

मग कार्बोरंडम हे या कामाचं नाही एवढं तरी डोक्यात शिरलं, आणि दगडांची खरेदी सुरू झाली. जपानी पद्धतीचे पाण्यावरचे दगड मागवले. आधी १००० चा. तो येऊन पंधरा दिवस होत नाहीत तोवर एका बाजूला ४००० आणि दुसऱ्या बाजूला ८००० असा जोडदगड. नंतर १२००० चा. घरात पार्सल आलं की ही नुसती माझ्याकडे बघायची. वाळणाच्या पापडांची पाटी जिथे असायची, तिथे आता दगड वाळत होते.

आठ हजारी दगडाचा मोह सांगून कळायचा नाही. हजारीवर पातं नुसतं करडं दिसतं, त्यात मजा नाही. आठ हजारीवर चार हात मारले की बेव्हल, म्हणजे धारेलगतचा उतार, लखलखतो. टूलरूमच्या माणसाला आरशासारखं फिनिश दिसलं की काम झालं असं वाटतं, कारण आमच्याकडे फिनिश ही शेवटची पायरी, तिच्याआधी सगळी मापं लागलेली असतात. इथे मापच लागलेलं नव्हतं. हजारीवर मी अधीरपणे थोडं घासायचो आणि आठ हजारीवर उडी मारायचो. १००० च्या दगडाचा दाणा साधारण १४ मायक्रॉनचा, ८००० चा एक-दोन मायक्रॉनचा. बारीक दगड इतकं कमी पोलाद काढतो की धार मुळात जुळलीच नसेल, तर ती तिथे जुळवायला महिने लागतील. आधीच्या दगडाने आणलेल्या धारेवरचे चरे पुसणं, एवढंच त्याचं काम. माझ्या वस्तऱ्यावर त्याने उत्तम चमकवलं ते धारेच्या अलीकडे. प्रत्यक्ष धार होती तशीच गोल होती.

अशा पात्याने दाढी केल्यावर काय होतं, ते सकाळच्या विरार-डहाणू शटलमध्ये सगळ्यांनी पाहिलं. गळ्यावर लाल पट्टे, हनुवटीवर वर्तमानपत्राचे चिकटवलेले तुकडे. विरारहून येणारा एक सहकारी काही न बोलता मला खिडकीजवळची जागा द्यायला लागला. घरी हिने एवढंच विचारलं, “कुठल्या मांजराशी भांडलात?” बोथट वस्तरा धारदार वस्तऱ्यापेक्षा जास्त कापतो. तो केसात अडकतो, आपण जोर लावतो, मग तो सुटतो आणि कातडीत जातो.

प्रत्येक वेळी दोष मी दगडावर टाकला. हा आठ हजारी बरोबर नाही, बारा हजारी हवा. बारा हजारीनेही भागेना, मग नैसर्गिक दगड हवा. चीनच्या ग्वांगशी भागातला एक काळसर दगड ‘बारा हजारी’ म्हणून विकत घेतला. खाणीतून काढलेल्या दगडाला असा नंबर नसतोच, हे मला कळायला हवं होतं. नंबर कारखान्यात चाळून एकसारखा केलेल्या दाण्याला देतात. डोंगराने चाळणी लावलेली नसते. तो दगड तसा वाईट नव्हता, फार सावकाश कापायचा, एवढंच. पण ज्याला चटकन निकाल हवा होता, त्याच्या हातात तो पडला.

याच सुमारास बेल्जियमच्या आर्देन डोंगरातल्या कोटिक्यूल दगडाबद्दल वाचलं. पिवळसर रंगाचा, बोटभर जाडीच्या थरात सापडणारा, त्यात काही मायक्रॉनचे गार्नेटचे असंख्य दाणे. पाण्याबरोबर चिखल करून घासला तर झपाट्याने कापतो, नुसत्या पाण्यावर घासला तर त्याच दगडावर शेवटचं फिनिश मिळतं. किंमत वाचून पुस्तक मिटलं. मग डोक्यात आलं, की दगडच हवा तर आपल्याकडे काय कमी आहे? तांदुळवाडीच्या डोंगराच्या पायथ्याच्या ओढ्यातून एक सपाट, गुळगुळीत, काळा गोटा पाठीवरच्या पिशवीत घालून आणला. काचेवर वॉटर पेपर ठेवून तो सपाट करायला माझा एक अख्खा रविवार आणि हातांची सालं गेली.

आपला हा काळा कातळ म्हणजे लाव्हाचा बेसॉल्ट. त्यात फेल्डस्पार असतो, पायरॉक्सिन असतं, मधेच गारेने किंवा पांढऱ्या झिओलाइटने भरलेली छिद्रं असतात. कुठे मऊ, कुठे कडक, आणि दाणे लहानमोठे. कोयत्याला किंवा विळ्याला तो चालतो, इथल्या वाड्यांमधून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, कारण झावळी छाटायला खडबडीत धारच बरी. वस्तऱ्याला असा एक कठीण दाणा पुरतो. त्याने माझ्या धारेत डोळ्याला दिसेल एवढी खाच पाडली. गोटा आता तुळशीजवळ आहे, त्यावर कपडे आपटता येत नाहीत एवढा मी तो गुळगुळीत करून ठेवला आहे.

खाच पडलेला वस्तरा घेऊन मी शेवटी मामांकडे गेलो. मामा म्हणजे स्टेशनाच्या पश्चिमेला त्यांच्या मुलाचं सलून आहे, तिथे दाराशी खुर्ची टाकून बसणारे ऐंशीच्या पुढचे गृहस्थ. गावात सगळेच त्यांना मामा म्हणतात. सलूनमध्ये आता अर्ध्या ब्लेडचे वस्तरे आहेत. एड्सच्या भीतीने गिऱ्हाईकं ‘नवीन ब्लेड घाला’ म्हणायला लागली, तेव्हा मामांनी पाजळायचे वस्तरे धोकटीत बांधून ठेवले. त्याचं त्यांना दुःख वगैरे नाही. “रोज सकाळी अर्धा तास दगडावर जायचा,” म्हणाले, “तेवढ्यात दोन डोकी होतात.” जुन्या हत्यारांबद्दल हळवं व्हायचं काम ज्याला त्यावर पोट भरावं लागत नाही त्याचं, हे मला तिथे कळलं.

मामांनी वस्तरा हातात घेतला. चमक पाहिली नाही. दाराच्या उजेडात धार सरळ डोळ्यांकडे करून धरली, जणू पात्याच्या टोकावरून स्टेशन बघताहेत, आणि हळूहळू फिरवली. “इथं चमकतंय. इथं पण. इथं तर बघ.” मी म्हटलं, चमकतंय म्हणजे चांगलंच ना. ते हसले. “धार चमकत नाही रे. चमकायला जागा लागते.”

खऱ्या धारेला उजेड परतवण्याइतकी रुंदी नसते. जिथे ठिपका चमकतो तिथे ती गोल आहे, बोथट आहे. माझ्या वस्तऱ्यावर खाच सोडूनही जवळजवळ अर्ध्या लांबीत धार चमकत होती. तीन दगडांचा, दोन पावसाळ्यांचा आणि गळ्यावरच्या सगळ्या पट्ट्यांचा खुलासा तेवढ्यात झाला. मी हजारीवरून कधी उतरायलाच नको होतं.

घरी परतताना मला प्रशियन ब्लूची आठवण झाली, आणि स्वतःचाच राग आला. दोन पृष्ठभाग एकमेकांना कुठे टेकतात ते बघायचं तर आम्ही टूलरूममध्ये पहिल्यांदा निळा रंग फासतो. स्क्रेपिंग करणारा माणूस ब्लूशिवाय हात लावत नाही. हे मी कित्येक शिकाऊ पोरांना शिकवलं होतं. त्या रात्री बेव्हलवर काळा परमनंट मार्कर फासला, हजारीवर वजन न टाकता दोन हात दिले आणि सोनाराच्या भिंगातून पाहिलं. धारेच्या कडेला काळी रेघ तशीच. दगड तिथे पोचतच नव्हता. मग बसलो. खाच जाईपर्यंत, चमकणारा शेवटचा ठिपका जाईपर्यंत, मार्कर पुसला जाईपर्यंत हजारीवरच. किती संध्याकाळी गेल्या ते मोजलं नाही. त्यानंतर ४००० वर थोडं, ८००० वर आणखी थोडं. त्या दाढीनंतर शटलमध्ये कुणी काही म्हटलं नाही, आणि त्याचाच मला आनंद झाला. बारा हजारीला हातही लावला नव्हता.

इथे गोष्ट सुखाने संपायला हवी होती. पण यश आलं की माणूस निष्काळजी होतो, निदान मी होतो.

दगड झिजतात. पाण्यावरचे मऊ दगड तर फार लवकर झिजतात, आणि मधेच जास्त. ग्राइंडिंग व्हील ड्रेस केल्याशिवाय मी कधी काम सुरू केलं नाही. इथे मात्र हजारीवर महिने काढले आणि स्ट्रेटएज ठेवून पाहिली नाही. पाहिली तेव्हा मधून उजेड दिसत होता. अशा खोलगट दगडावर पात्याची दोन टोकं जास्त घासली जातात आणि मधला भाग राहतो. सपाट करायची पद्धत सोपी आहे: जाड काचेचा तुकडा, त्यावर ३२० चा वॉटर पेपर, वरून पाणी, दगडावर पेन्सिलीने जाळी आखायची आणि सगळी जाळी पुसली जाईपर्यंत फिरवायचं. नवा दगडही एकदा असा करून घ्यावा, कारण साच्यातून आलेला दगड सपाट असतोच असं नाही. मी हे सगळं नीट केलं आणि मग तिन्ही दगड एकाच बादलीत धुतले. कागदाचे सुटलेले दाणे, हजारीचा चिखल, सगळं त्या पाण्यात. आठ हजारीवर पुढचा हात मारला आणि कर्र आवाज आला. त्या आवाजाला वस्तऱ्यावर काय उत्तर मिळतं, ते भिंगाशिवाय दिसतं. एका दाण्याने एक लांब चरा. परत हजारीवर. आता प्रत्येक दगडाला वेगळं पाणी, आणि बोअरचं पाणी आधी स्थिरावू द्यायचं. आमच्या बोअरला पावसाळ्यानंतर बारीक रेती येते.

पावसाळ्याचं एक वेगळंच प्रकरण आहे. सफाळ्यापासून समुद्र काही कोसांवर, एका अंगाला वैतरणेची खाडी. जूनमध्ये हवा दमट होते आणि ऑक्टोबरपर्यंत तशीच राहते. दाढी करून फडक्याने पुसलेला वस्तरा मी न्हाणीघरातल्या फळीवर ठेवायचो. धार अर्ध्या मायक्रॉनची असेल, तर तिला गंज चढायला अर्धा मायक्रॉनच लागतो. डोळ्याला पातं स्वच्छ दिसतं आणि धार गेलेली असते. ही धार का उतरते, म्हणून मी एक अख्खा जुलै पुन्हा दगडांना दोष दिला. न्हाणीघरातून वस्तरा स्वयंपाकघराच्या कोरड्या कपाटात हलवला, शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब पुसून लावायला लागलो, आणि आजार बरा झाला. दगडानंतर धार ज्यावर फिरवायची, त्या चामड्याच्या पट्ट्यावर मात्र बुरशी आली होती. ती ओल्या फडक्याने पुसली, हा आणखी एक शहाणपणा, आणि पट्टा वाळून पन्हळीसारखा वाकला. वाकड्या पट्ट्यावर धार दुमडते.

त्याच पावसाळ्यात बारा हजारी दगड गेला. हजारीला वापरण्याआधी बुडबुडे थांबेपर्यंत भिजवावं लागतं. म्हणून मी बारा हजारीही रात्रभर बादलीत ठेवला. तो राळेने बांधलेला होता, त्यावर नुसतं पाणी शिंपडायचं असतं, आणि हे त्याच्या खोक्यावर चित्र काढून दाखवलेलं होतं. सकाळी पृष्ठभाग मऊ झालेला. घाईने उन्हात ठेवला, तर आडवी भेग. खोक्यावरचं चित्र वाचायला जपानी यावी लागत नाही.

आता जी चूक सांगायची टाळत होतो, ती.

खंडेनवमीला आम्ही कारखान्यात ग्राइंडरला हार घालायचो. मामांकडे सलूनमध्ये सेना महाराजांच्या तसबिरीखाली कात्र्या, मशिनं, कंगवे मांडतात, आणि त्या एका दिवसासाठी धोकटीतून मामांच्या वडिलांचा वस्तरा निघतो. शेफील्डचा, जाड पात्याचा, आतून फारसा पोकळ नसलेला. पूजेला तो मांडतात, फुलं वाहतात, परत बांधून ठेवतात. माझं एव्हाना बरं चाललं होतं. मी म्हटलं, मामा, या दसऱ्याला याला धार लावून देतो. मामा क्षणभर थांबले, त्यांचे हात आता थरथरतात, आणि त्यांनी तो माझ्याकडे दिला. बरोबर आपला निसणा देत होते. हाताएवढा लांब, जेमतेम दोन बोटं रुंद, झिजून पाठीवर किंचित फुगीर झालेला दगड. मी तो परत केला. म्हटलं, हा सपाट नाही, एकदा आणा, करून देतो. मामांनी दगड मागे सरकवला.

तो वस्तरा घरी सपाट हजारीवर टाकला तर मधलाच भाग टेकत होता, टोक आणि टाच अधांतरी. धार सरळ नव्हती, मधे पोट असलेली, हलकीशी कमानदार. माझ्या डोक्यात सरळ म्हणजे बरोबर, आणि वाकडं म्हणजे झिजलेलं. वर्षानुवर्षं खोलगट दगडावर घासून बिघडली असेल, असं मी स्वतःला पटवलं. एक साधा प्रश्न विचारला नाही: खोलगट दगडाने टोकं जास्त झिजतात हे खरं, पण मामांचा दगड तर फुगीर होता. धार सरळ करायला मी हजारीवर वेळ लागतो म्हणून खाली उतरलो, २२० च्या जाड दगडावर. पोट खाली उतरलं. पातं जाड असल्यामुळे बेव्हल रुंद होत गेला. पाठीवर चिकटपट्टीचा एक थर लावला असता तर निदान पाठ वाचली असती. पाठीजवळची शेफील्डची कोरीव अक्षरं अर्धी पुसली गेली. मग ४०००, मग ८०००. धार मात्र अप्रतिम आली. हातावरचे केस न टेकता उडत होते. खंडेनवमीच्या सकाळी मी तो मामांना दिला, तेव्हा मला शाबासकी हवी होती.

मामांनी उजेडात धरला. बराच वेळ फिरवला. “धार चांगली आलीय,” म्हणाले. मग गालाजवळ नेऊन, न टेकवता, हवेतच एक हात मारला, जसा ते आयुष्यभर मारत आले. मनगट गोल फिरलं आणि थांबलं. “हा आता गाल धरत नाही.”

ती कमान मुद्दामची होती. शेफील्डच्या जुन्या वस्तऱ्यांना ती असायची. गालाच्या आणि जबड्याच्या गोलाईवर अशी धार थोडी थोडी टेकत सरकते, आणि एकदम सगळी लांबी केसांवर पडत नाही. ती टिकवायची तर अरुंद दगड लागतो, आणि पातं सरळ न ओढता टाचेकडून टोकाकडे तिरकं, किंचित कलतं न्यायचं, म्हणजे एका वेळी एकच भाग टेकतो. मामांचा दोन बोटांचा, पाठ फुगलेला दगड याच कामाचा होता. मामांच्या वडिलांनी आणि मग मामांनी इतकी वर्षं झिजवून झिजवून कमान राखली होती, आणि मी ती एका आठवड्यात सपाट केली.

कमान परत आणता येईल का, असं मी विचारलं. येते. टोक आणि टाच तितकीच घासून. म्हणजे पातं आणखी अरुंद. मामा म्हणाले, “राहू दे. पोलाद गेलं ते गेलं. पूजेपुरताच निघतो तो.” त्यांच्या मुलाने मला चहा दिला. मला वाटतं, त्या दिवशी मामा रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. पुढच्या भेटीत त्यांनी स्वतःहून सांगितलं, की त्यांच्या बापाने त्यांना कित्येक महिने दगड हातात दिलाच नव्हता. नुसतं पट्ट्यावर पातं उलटसुलट करायला लावायचे, तेही पाठीवरून वळवत, धार कधीही उचलू न देता. दगडावर बसायचं तर समोरच्याचं काम नुसतं बघायचं. मला ते ऐकताना, मी माझ्या शिकाऊ पोरांना ग्राइंडरला हात लावू द्यायच्या आधी किती दिवस फक्त झाडू मारायला लावायचो, ते आठवत होतं.

हल्ली माझ्याकडे हजारी आणि आठ हजारी एवढेच दगड वापरात आहेत. चार हजारी बाजू जोडदगडावर आहे म्हणून आहे. मामांच्या दगडासारखा एक अरुंद दगड हजारीतून कापून घेतला आहे, त्यावर चोर बाजारातून आणलेलं एक कमानदार, अगदी भंगार पातं मी खराब करत असतो. तिरका हात अजून नीट बसलेला नाही. टाचेकडे मार्कर राहतो.

उंबरपाड्याचा एक मुलगा, बोईसरला कामाला आहे, परवा विचारायला आला होता. आजोबांचा वस्तरा सापडलाय, कुठला दगड घेऊ? मी त्याला दाराच्या उजेडात धार कशी बघायची ते दाखवलं, मार्कर दिला, हजारीचा दगड महिनाभर उसना दिला, आणि चमकणारा एकही ठिपका दिसेनासा होईपर्यंत दुसरं काही विकत घेऊ नकोस, असं दोनदा सांगितलं. त्याने मनापासून मान डोलावली. आठवड्याने त्याचा फोन आला.

“काका, आठ हजारी आलाय. आता काय करू?”